बेळगावचं लर्निंग लायसन बाचीच्या पुढं चालतं का?

उचगावकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव उचगाव. थोरल्या मुलीला 18 पूर्ण झाली आणि बेळगाव आरटीओचं लर्निंग लायसन मिळालं. तिची आत्या चंदगडला असते, तेव्हा स्कूटीवरून जाणं-येणं होणारच. गावात एकजण छातीठोक सांगतोय की बाची ओलांडून शिनोळी लागली की महाराष्ट्र, तिथं कर्नाटकचं लर्निंग चालत नाही. खरं काय? मी मागं बसून तिला शिकवलं तर चालेल का? माझ्याकडं फक्त कारचं लायसन आहे. आणि धाकटा 16 चा आहे, तोही आता स्कूटीची चावी मागतोय.

मास्तर, टिळकवाडी
दादा, मी बेळगावातच गाडी शिकवतो. बाचीची काळजी सोडा. मोटार वाहन कायदा 1988 चा, केंद्राचा आहे. लर्निंग असो की पक्कं, लायसन देशभर चालतं. मात्र नियमही तिच्याबरोबर सगळीकडं जातात. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, पाटी 18 सेंटिमीटर चौकोनी. कोपऱ्यात चिकटवलेला बारका स्टिकर म्हणजे पाटी नव्हे.

मागं फक्त शिकवणारा बसू शकतो, आणि त्याच्याकडं दुचाकीचं लायसन पाहिजे. तुमचं कारचं आहे, म्हणून तुम्ही बसू नका. घरात कुणाकडं दुचाकीचं पक्कं लायसन असेल तर त्यांना बसवा. मैत्रिणीला कॉलेजला सोडणं आत्ता बंद म्हणजे बंद.

धाकट्याला चावी अजिबात देऊ नका. 16 व्या वर्षी पालकांच्या संमतीनं लायसन मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि आपल्या घराघरांतली स्कूटी 110 नाहीतर 125 सीसीची. पोरानं ती चालवताना गुन्हा घडला तर 2019 च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. आजची हौस पुढं नोकरीच्या वयात त्याला आडवी येईल.

आता माझ्या मनातलं. आपल्याकडं पक्कं लायसन हातात पडलं की त्याच संध्याकाळी पोरगी किंवा पोरगा काळोखात, पावसात, मागं कुणाला बसवून कुठंही जाऊ शकतो. नवख्यांसाठी वेगळी बंधनं कायद्यात नाहीत. म्हणून ती घरानं घालावीत असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. पहिलं वर्षभर दिवस मावळल्यावर वेंगुर्ला रोडला, म्हणजे या बाची-शिनोळीच्या रस्त्याला, एकटीनं जायचं नाही. गळीत हंगामात तर नाहीच. उसाच्या ट्रॉलीला मागं ना दिवा ना रेडियम, समोरून येणाऱ्या गाडीचा फोकस डोळ्यांवर, आणि ट्रॉलीवरचा उसाचा तो काळा ढीग जवळ गेल्यावरच दिसतो. जुन्या चालवणाऱ्याला तो अंदाज असतो, नवीन पोराला नसतो. ट्रॉली दिसली की मागं राहा, हे मी ब्रेक-क्लचच्या आधी शिकवतो.

निपाणीचा
मास्तर बोलले ते बरोबर. माझं लायसन केए-23 चं, शिकायला कोल्हापुरात होतो. कोगनोळीच्या पुढं लायसन कर्नाटकचं म्हणून कुणी अडवलं नाही. डिजिलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. काका, ताईला हेल्मेट चांगलं आयएसआयचं घ्या, आणि मागं जो बसेल त्यालाही.

उचगावकर
मास्तर, मनावरचं ओझं उतरलं. पाटी उद्याच करून घेतो. आमच्या धाकट्या भावाकडं दुचाकीचं लायसन आहे, तोच बसेल मागं. आणखी एक: ट्रायल स्कूटीवर दिली तर घरातली गिअरची मोटरसायकल तिला चालेल का?

मास्तर, टिळकवाडी
नाही. स्कूटीवर ट्रायल दिली की 'विदाऊट गिअर' एवढंच लायसन मिळतं. आधी तिचं लर्निंग बघा, त्यात 'विथ गिअर' आहे का. नसेल तर ते जोडून घ्या आणि ट्रायल मोटरसायकलवर द्या, मग स्कूटी त्यात आलीच. लर्निंग 6 महिने चालतं, ट्रायल 30 दिवसांनंतर देता येते. 31 व्या दिवसाची घाई करू नका. भावाला म्हणावं, हिंडलग्याच्या गर्दीतून तिला सकाळच्या वेळी आणि संध्याकाळच्या वेळीही फिरवून आण. मग स्लॉट घ्या.