रेल्वेमुळे शहर वाढतं की स्टेशनाजवळच्या जमिनीच्या नियमांमुळे?

रूळवेडा:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. रेल्वे आली की भाग पुढे येतो, उद्योग येतात, हाताला काम मिळतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण मी नकाशे बघत बसतो तेव्हा दिसतं की काही स्टेशनांभोवती अख्खं शहर उभं राहिलंय, आणि काही ठिकाणी तशीच लाइन, जवळपास तेवढ्याच फेऱ्या, तरी स्टेशनाबाहेर नुसतं पार्किंगचं मैदान आणि त्यापलीकडे तुरळक घरं. मग फरक नक्की पडतो कशाने? रुळांपेक्षा रुळाशेजारच्या जमिनीचं काय ठरवलं ह्यावर जास्त अवलंबून असावं असं मला वाटायला लागलंय, पण नीट मांडता येत नाहीये. जाणकारांनी सांगा, आणि शक्यतो थिअरी नको, कुणी काय केलं आणि पुढे त्याचं काय झालं ते हवंय.

जुना_सिग्नल:
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. दोन माणसांची उदाहरणं देतो, दोघांचा काळ जवळजवळ एकच आणि धंदाही एकच.

पहिला हेन्री हंटिंग्टन, लॉस एंजेलिसवाला. १९०१ मध्ये त्याने पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली आणि शहराबाहेर चारी दिशांना विजेच्या गाड्या नेल्या. तिकिटातून फार सुटत नव्हतं आणि त्याला ते चालणारं होतं, कारण मोकळ्या जमिनी आधीच घेऊन ठेवलेल्या असायच्या, गाडी पोचली की भाव चढायचा आणि प्लॉट विकले जायचे. पण प्लॉट एकदाच विकता येतो, गाडी मात्र रोज चालवावी लागते. जमिनी संपल्यावर तोटा भरून काढायला मागे काहीच उरलं नाही. शिवाय ज्यांनी ऐसपैस प्लॉट घेतले त्यांच्याकडेच मोटारी आल्या आणि त्याच मोटारींच्या गर्दीत ह्या गाड्या चौकाचौकात अडकायला लागल्या. १९६१ मध्ये शेवटची लाइन बंद झाली.

दुसरा जपानचा इचिझो कोबायाशी. १९१० मध्ये त्याने ओसाकाच्या उमेदा स्टेशनपासून ताकाराझुकापर्यंत लाइन सुरू केली (हीच कंपनी पुढे हांक्यू झाली), वाटेत बहुतेक शेतंच होती. त्यानेही जमिनी आधीच घेतल्या आणि घरं बांधून दहा वर्षांच्या हप्त्यांवर पगारदार लोकांना विकली, इथपर्यंत दोघं सारखेच. खरी गंमत पुढे आहे. सकाळी शहराकडे जाणारी गाडी भरलेली आणि उलटी येणारी रिकामी, रविवारी तर दोन्हीकडून रिकामी, हे दुखणं जगातल्या प्रत्येक उपनगरी लाइनचं असतं. म्हणून त्याने दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ, करमणुकीची ठिकाणं काढली, १९१४ मध्ये मुलींच्या नाटक मंडळीचे प्रयोग सुरू केले जे आजही चालू आहेत, आणि शहराच्या टोकाला उमेदा स्टेशनातच १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. म्हणजे घरं विकली पण दोन्ही टोकांची कमाई हातात ठेवली, आणि रिकामी जाणारी गाडीही भरायला लागली. ती लाइन आजही चालू आहे.

मला तरी सगळा फरक इथेच दिसतो. रेल्वेमुळे जमिनीची किंमत वाढते हे ठरलेलंच, ती वाढ रेल्वेकडे परत येते का कुणी एकदाच खिशात घालून निघून जातं ह्यावर पुढची शंभर वर्षं ठरतात.

मातीची_माणसं:
जुना सिग्नल, उदाहरणं छान दिलीत, पण ती जमीन आधी कुणाची होती हा प्रश्न राहूनच जातो नेहमी, म्हणून लिहितेय.

अमेरिकेचंच घ्या. १८६२ च्या कायद्याने पॅसिफिक महासागराकडे लाइन नेणाऱ्या कंपन्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन फुकट दिली, तीही बुद्धिबळाच्या पटासारखी. एक चौकोन म्हणजे ६४० एकर, एक कंपनीला, शेजारचा सरकारकडे, परत एक कंपनीला. मैलामागे असे १० चौकोन, आणि दोनच वर्षांनी ते २० केले. सरकारने आपल्या चौकोनांचा भाव एकरी सव्वा डॉलरचा अडीच केला, हिशोब असा की अर्धी जमीन दिली तरी तिजोरीत पैसे तेवढेच येतील. कागदावर फारच हुशारीचं काम. पण ते चौकोन ज्या मैदानांवर आखले तिथे आधीपासून मूळ रहिवाशांच्या टोळ्या राहत होत्या, शिकार करत होत्या, आणि नकाशा आखणाऱ्यांनी त्यांना जमेतच धरलं नव्हतं.

आणि १८६८ मध्ये, म्हणजे ती लाइन पुरी व्हायच्या आधीच, हेन्री जॉर्ज नावाच्या पत्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोत लेख लिहून सांगितलं होतं की रेल्वेने सगळ्यांचं सारखं भलं होणार नाही, ज्यांच्याकडे जमीन आणि धंदा आहे त्यांचं होईल आणि ज्यांच्याकडे फक्त हात आहेत त्यांना जगणं उलट अवघड होईल.

मी रेल्वेच्या विरोधात अजिबात नाहीये हां. डेव्ह डोनाल्डसन ह्या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटिशकाळातल्या भारतावर काम केलंय, त्यात त्याने मिठाचे भाव वापरले आणि मला ती कल्पना फार आवडली. मीठ ठरावीक ठिकाणीच तयार व्हायचं, मग मिठागरावरचा भाव आणि लांबच्या जिल्ह्यातला भाव ह्यातला फरक म्हणजे जवळजवळ नुसता वाहतुकीचा खर्च. रूळ पोचले की तो फरक कमी झालेला दिसतो, आणि त्या जिल्ह्यांचं शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं असा त्याचा हिशोब आहे. रूळ पोचल्यावर पाऊस दगा देण्याचा मृत्यूंवरचा परिणाम कमी झाला असंही त्याच्या पुढच्या कामात दिसतं. पण त्याच रुळांच्या देशात १८७६-७८ च्या दुष्काळात माणसं मरत असताना बाहेर धान्याची निर्यात चालूच होती. गाडी दोन्ही दिशांना जाते, धान्य कुठल्या दिशेने जाणार ते सरकारची धोरणं आणि लोकांच्या हातातला पैसा ठरवतो.

रूळवेडा:
दोघांचेही मनापासून आभार, मिठाचं तर दोनदा वाचलं. पण एक अडतंय. कोबायाशीला मोकळी शेतं मिळाली. आज जिथे नवीन लाइन टाकायची तिथे जमीन आधीच हजार लोकांच्या नावावर असते, लाइनची नुसती बातमी आली तरी भाव वर जातात. मग वाढलेली किंमत परत कशी आणणार?

नकाशेवाली:
मी नियोजनात काम करते म्हणून ह्यावर जरा बोलते. करता येतं, आणि मोकळं माळरान असायलाच पाहिजे असं काही नाही.

हाँगकाँगमध्ये सरकार स्टेशनावरचे आणि डेपोवरचे बांधकामाचे हक्क मेट्रो कंपनीला देतं, आणि त्याचा भाव लाइन नसती तर जमिनीचा जो असता तो. मग बिल्डर बांधतो, नफ्यात कंपनीचा वाटा असतो आणि मॉल बऱ्याचदा कंपनी स्वतःकडेच ठेवते. तिथे जमीन मुळात सरकारची आणि भाडेपट्ट्याने दिलेली आहे म्हणून हे सोपं जातं. लंडनने कराचा रस्ता धरला, क्रॉसरेल ह्या शहराखालून जाणाऱ्या नव्या लाइनसाठी २०१० पासून मोठ्या व्यवसायांच्या जागांच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे २ पेन्स जादा घेतले.

पण मला सगळ्यात न्याय्य वाटतो तो जपानचाच आणखी एक प्रकार. शेतकऱ्यांकडून जमीन काढून घ्यायची नाही, सगळ्यांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करायच्या, प्रत्येकाने थोडा तुकडा सोडायचा, त्यातून रस्ते, बागा, स्टेशनची जागा निघते, थोडी जमीन विकून खर्च भागतो, आणि उरलेला प्लॉट लहान पण चौकोनी आणि रस्त्याला लागलेला परत त्याच मालकाला. क्षेत्रफळ घटलं तरी किंमत वाढते, आणि मुख्य म्हणजे माणूस तिथेच राहतो. टोक्योच्या नैर्ऋत्येला देनएन-तोशी लाइनच्या बाजूची उपनगरं बरीचशी अशीच उभी राहिली. फक्त ह्यात भाडेकरूचा विचार वेगळा करावा लागतो, त्याच्या नावावर सोडायला आणि परत मिळायला काही नसतंच, मातीची माणसं म्हणाल्या ते इथेही लागू आहे.

आणि तुमचं ते पार्किंगवालं स्टेशन. तिथे बहुतेक वेळा पैशाआधी नियमच आडवा येतो. कोपनहेगनने १९४७ मध्ये हाताच्या पंजासारखा आराखडा केला, बोटांवर रेल्वे आणि वस्ती, बोटांच्या मधे शेतं आणि हिरवळ, आणि पुढे त्यात नियम आला की मोठी ऑफिसं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आतच. बाकी कित्येक ठिकाणी कोट्यवधी खर्चून लाइन टाकतात आणि स्टेशनाशेजारच्या जमिनीचं झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल ह्याचे नियम, वीस वर्षं तसंच ठेवतात. एक करून बघा, तुमच्या नकाशावर दोन्ही स्टेशनांभोवती ६०० मीटरचं वर्तुळ काढा आणि आत काय काय बांधायला परवानगी आहे ते शोधा.

रूळवेडा:
काढलं वर्तुळ. भरलेल्या स्टेशनाभोवती दुकानं, ऑफिसं, सहा-सात मजली घरं सगळं चालतं. पार्किंगवाल्या स्टेशनाच्या वर्तुळात एका प्लॉटवर एकच घर ह्यापलीकडे परवानगीच नाहीये, आणि दुकान काढायचं तरी आधी गाड्या लावायला अमुक इतकी जागा दाखवा अशी अट आहे. इतके दिवस मी फेऱ्यांची टाइमटेबलं ताडून बघत होतो.