मदत हवी आहे: क्यूमूमधल्या ई१००० कार्डावर मोठी फाइल ओढली की नेटवर्क ठप्प

कृष्णाकाठ, सांगली:
विश्रामबागच्या लॅबसाठी क्यूमूच्या (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ई१००० या आभासी नेटवर्क कार्डावरून (इंटेल ८२५४०ईएमची नक्कल) शिकवण्यापुरतं सुटसुटीत कार्ड लिहिलंय. बॅकएंड टॅप (होस्टवरचा, म्हणजे खऱ्या मशीनवरचा आभासी नेटवर्क इंटरफेस), गेस्ट (आतलं आभासी मशीन) डेबियन, आरएक्स रिंग (येणारी पॅकेट ठेवायच्या बफरांची गोल यादी) २५६ डिस्क्रिप्टरची (एका बफरची एक नोंद). पिंग कितीही वेळ चालतो, मोठी फाइल ओढली की थोड्याच वेळात सगळं बंद. होस्टवर टॅपचा टीएक्स ड्रॉप्ड आकडा वाढत जातो, गेस्टमध्ये एकही पॅकेट नाही. अडकल्यावर आरडीएच (रिंगचं हेड, कार्ड पुढं भरणार ती जागा) ४१, आरडीटी (टेल, ड्रायव्हरने मोकळे बफर दिलेत तिथवरची जागा) ३९, म्हणजे गोल फिरून २५४ डिस्क्रिप्टर मोकळे. गेस्टमध्ये इंटरफेस डाउन-अप केला की परत पळतं. जागा असून पॅकेट का येत नाहीत?

मिरज_जंक्शन:
डाउन-अपने सुटतंय, तिथंच उत्तर आहे बघा. आरसीटीएलच्या (रिसीव्ह चालू-बंद करणारं रजिस्टर) राइट हँडलरमध्ये (गेस्टने रजिस्टर लिहिलं की चालणारा कोड) फ्लश (अडलेली पॅकेट पुन्हा सोडायला लावणं) असणार, आरडीटीच्या (हेक्स २८१८) हँडलरमध्ये नसणार.

रिंग भरली की क्यूमू पॅकेट रांगेत टाकतं आणि टॅप वाचायचं थांबवतं. पुढं ड्रायव्हरने कितीही बफर दिले तरी तुमच्या कॅन-रिसीव्हला (पॅकेट घेता येईल का ते सांगणारं फंक्शन) कुणी विचारतच नाही. जागा झाली हे कार्डानेच सांगायचं असतं. आरडीटीची किंमत आधी साठवा, मग क्यूमू_फ्लश_क्यूड_पॅकेट्स बोलवा. उलट केलंत तर फ्लशला जुनी टेल दिसेल आणि पुन्हा तेच. पिंगने रिंग भरतच नाही, म्हणून तो चालतो.

कृष्णाकाठ:
अगदी तसंच होतं राव. फ्लश टाकला, आता आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) अडकत नाही, ड्रॉप्डही वाढत नाही. पण प्रॉमिस्क्युअस मोड (कुणाच्याही नावचं पॅकेट घेणं) बंद केला की लगेच पुन्हा ठप्प!

हळदपेठ:
फिल्टरने नाकारलेल्या पॅकेटला रिसीव्ह फंक्शनमधून ० देताय का? ० म्हणजे "नंतर परत आण". दुसऱ्याच्या मॅक पत्त्याचं एक पॅकेट रांगेच्या तोंडाशी बसलं की मागचं सगळं तुंबतं. तिथं पॅकेटचा पूर्ण आकार परत द्या, मग ते गिळलं असं धरलं जातं.

मिरज_जंक्शन:
हात घातलाच आहे तर डीडी बिटही (डिस्क्रिप्टर डन, "हा भरला" ही खूण) बघा. १६ बाइटचा डिस्क्रिप्टर एका दमात लिहू नका. केव्हीएममध्ये (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) आणि क्यूमूचा मेन लूप वेगळ्या थ्रेडवर चालतात; डीडी आधी दिसला तर गेस्ट अर्धवट लांबी उचलतो. डेटा, मग डीडीशिवाय डिस्क्रिप्टर, मग राइट बॅरियर (आधीचं लिखाण आधीच दिसेल याची हमी), आणि शेवटी १२ व्या ऑफसेटचा स्टेटस बाइट. आरडीएच आणि आरडीटी दोन्ही आरडीएलईएन (रिंगची बाइटमधली लांबी) भागिले १६ पेक्षा लहान आहेत ना, हेही तपासा. गेस्टने मुद्दाम भलता आकडा लिहिला तर तुमचा लूप संपणारच नाही.