मदत हवी आहे: गाडी तापली की गाडीतला इंधनाचा पंप बंद, दोष रिलेत की सॉकेटमध्ये?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. वडिलांची 2003 ची पेट्रोल गाडी आहे, इंजेक्शनवाली. सकाळी एका चावीत सुरू होते. पण यवतेश्वरचा घाट चढून दहा मिनिटं उभी केली, की स्टार्टर फिरतो आणि इंजिन काही धरत नाही. पाऊण तासाने आपोआप ठीक. रविवारी सोबत आई होती, बिचारी उन्हात ताटकळली. तेव्हापासून चैन नाही.

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूंऽ आवाज येतो. गाडी अडते तेव्हा तो येत नाही. पंपाला करंट देणाऱ्या रिलेवर (छोट्या करंटने चालणारा स्विच) बोट ठेवलं तर टक् मात्र जाणवतं. म्हणजे रिलेची कॉइल ओढतेय, पण 30 आणि 87 नंबरच्या पिनांमधले पॉइंट (जे जुळले की करंट जातो) करंट पुढे देत नसावेत. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा, तो तिथे बसवला आणि गाडी लगेच सुरू झाली!

तरी शंका आहेच. रिले काढ-घाल केल्यामुळे सॉकेटची सैल पिन जुळली असेल तर? गार असताना जुन्या रिलेची कॉइल 85-86 या पिनांमध्ये 80 ओहम दाखवते, त्यावरून पॉइंटचं काहीच कळत नाही. मेकॅनिक सरळ पंप बदला म्हणतोय, तो खर्च मोठा आहे.

पंप चालू असताना 30 आणि 87 मध्ये किती व्होल्ट ड्रॉप चालतो? आणि गाडी अडलेली असताना रिले काढून तिथे फ्यूजवाली वायर जोडून पंप तपासला तर चालेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात आईला डॉक्टरांकडे पुण्याला न्यायचंय, वाटेत खंबाटकी आहे.