मदत हवी आहे : पिल्लू दिवसभर झोपतंय, दूध सोडलंय, चावतंय

पागोळी
तातडीने मदत हवी. चिकू चार दिवस दुधाला तोंड लावत नाही. दिवसभर मेल्यासारखा झोपतो. रात्री घरभर उच्छाद, दार ओरबाडतो. काल बाबांच्या अंगठ्याला कडकडून चावला. आधी उशाशी झोपायचा. घरगुती उपाय असेल तर लगेच सांगा.

बोकोबा
पार्व्हो, कुत्र्याच्या पिल्लांना होतो तो जुलाबाचा आजार. आमच्या ब्रूनोचं असंच सुरू झालं होतं. जुलाब आहेत? लस कुठली दिलीत?

सुगरण_मी
दुधात चिमूटभर हळद घालून बघा.

बोकोबा
पार्व्होला हळद? धन्य.

रानवाटा
वय? कुत्रा की मांजर, तेही लिहिलेलं नाही. पागोळीताई, फोटो टाका.

पागोळी
ताई नाही, दादा. उदमांजर आहे, आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. तीन महिन्यांचा असेल. जुलाब नाहीत. फोटो चढण्याइतकी रेंज नाही. दुधाचं सांगा.

रानवाटा
अहो, मग हा आजार कुठला! उदमांजर निशाचर. दिवसा झोपणार, रात्री हिंडणार. या वयात दूध सुटतंच. केळं, पपई द्या. पण चावल्याचं काय? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतलीत? रेबीजची लस? आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने याला घरात ठेवता येत नाही. वनखात्याच्या 1926 ला फोन करा.

खडूसकाका
आला कायदा! हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी नाही सांभाळले प्राणी? मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू शिकाऱ्यांकडून तांदळाच्या बदल्यात घेतलं, तिथून सुरुवात. तेव्हा कुठे होता तुमचा 1926?

रानवाटा
काका, ते स्वतः डॉक्टर आणि तिथे आज रीतसर अनाथालय आहे. यांच्याकडे पडवी आहे.

मोकाट
याच प्राण्याच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी ना ती, इंडोनेशियातली? भलत्या भावाने जाते. विचार करा दादा.

पागोळी
आमच्याकडे काजू आहे.

रानवाटा
लसीचं उत्तर आलं नाही. आणि पिल्लू मिळालं कसं? जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की वनखातं ती संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतं. आई अंधारात येऊन उचलून नेते. तुम्ही आईची वाट पाहिलीत का?

पागोळी
एप्रिलात कौलं परतायला गडी चढले, तेव्हा माळ्यावर तीन पिल्लं दिसली. डोळे मिटलेली. वाटलं, आई टाकून गेली. खाली आणली. गाईचं दूध पाजलं, त्यात दोन गेली.

रात्री कौलांवर काहीतरी फिरायचं. पहिल्या रात्री बाबांनी काठी आपटली. दुसऱ्या रात्री मी बॅटरी मारली. तिसऱ्या रात्री फटाका लावला. चौथ्या रात्री काही आलं नाही. ते काय होतं हे आत्ता तुमचं जुन्नरचं वाचून कळतंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बाबांनी जन्मभर कांडेचोराला फासक्या लावल्या, फणस फोडतो म्हणून. आता पपई झाडावरच पिकू देतात आणि दहानंतर ओटीवरचा दिवा लावू देत नाहीत, याच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणे. मीही जागतो. परड्यात रात्री एवढी वर्दळ असते, हे पस्तीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. याच्या गोणपाटाला शिजत्या बासमतीसारखा वास येतो. दार उघडलं तर जाईल का परत?

खडूसकाका
उघडा की! जनावर आहे, शिकेल.

रानवाटा
नका उघडू! माणसाला भीत नाही तो, वाडीतल्या कुत्र्यालाही भिणार नाही. बाहेर झाडाफांद्यांचा मोठा पिंजरा, हाताने भरवणं बंद, मग हळूहळू मोकळीक. पण हे वनखात्याच्या देखरेखीखाली. लस???

सुगरण_मी
बासमतीचा वास! आमच्या माळ्यावरही येतो. मी शेजारच्यांना विचारलं होतं, आज पुलाव का.

पागोळी
बाबांना आरोग्य केंद्रात नेलं. लस आणि जखमेत सीरम, दोन्ही दिलं. पुढच्या तारखा कार्डावर आहेत. 1926 लागला. वनपाल उद्या सकाळी दहाला येतायत. बाबा म्हणतात संध्याकाळी बोलाव, दहाला तो झोपलेला असतो.

मोकाट
कॉफी कोकणात होते का पण?