नवऱ्याची सिल्डेनाफिलची गोळी बायकोने घेतली तर चालते का?

बकुळ (प्रश्न):
नमस्कार. माझे वय ४२ असून नैराश्यासाठी मी वर्षभर सर्ट्रालिन घेत आहे. मन बरेच सावरले आहे, परंतु शरीरसंबंधाच्या वेळी पूर्वीसारखी उत्तेजना येत नाही आणि कामपूर्ती तर जवळजवळ होतच नाही. माझ्या यजमानांना डॉक्टरांनी लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीसाठी सिल्डेनाफिलची (व्हायग्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधाची) ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आहे. त्यातलीच अर्धी मी घेऊन पाहावी, असे त्यांचे म्हणणे आहे. फुप्फुसाच्या एका विकारात हेच औषध स्त्रियांनाही देतात असे वाचले, त्यामुळे ते सुरक्षित असावे असे वाटते. डॉक्टरांपुढे हा विषय काढण्याचा संकोच होतो, म्हणून येथे विचारत आहे.

निरामय:
बकुळताई, मी औषधनिर्माता आहे. कृपया ती गोळी आज घेऊ नका.

आपण वाचलेली माहिती खरी आहे. फुप्फुसाच्या धमन्यांतील रक्तदाब वाढण्याच्या विकारावर सिल्डेनाफिलला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी नेहमीची मात्रा २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा अशी असते आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही दिली जाते. त्यामुळे स्त्रीच्या शरीराला हे औषध मुळातच घातक आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र त्या रुग्णांचे हृदय, रक्तदाब आणि चालू असलेली इतर औषधे तपासूनच ते सुरू केलेले असते, आणि कपाटातली पट्टी उघडून घेतलेल्या गोळीला यातले काहीच लागू होत नाही.

हे औषध शरीरातील पीडीई-५ नावाच्या विकराला (एन्झाइमला) रोखते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. छातीतल्या कळेसाठी नायट्रेट वर्गातली औषधे, म्हणजे जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा आयसोसॉर्बाइड, चालू असतील तर दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळू शकतो की जिवावर बेतते. फुप्फुसाच्या त्याच विकारावर दिल्या जाणाऱ्या रिओसिग्वॅट या औषधासोबतही ते वर्ज्य आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, किटोकोनॅझोल, रिटोनाव्हिर यांसारखी औषधे रक्तातले त्याचे प्रमाण वाढवतात. डोके दुखणे, चेहरा तापणे, नाक चोंदणे, अपचन आणि क्वचित सगळे निळसर दिसणे हे त्रास स्त्रियांनाही होतात. गरोदरपणी तर स्वतःच्या मनाने घेऊच नये. गर्भाची वाढ खुंटलेल्या स्त्रियांना हे औषध देऊन नेदरलँड्समध्ये चाललेली चाचणी नवजात बाळांच्या फुप्फुसांना झालेल्या अपायामुळे २०१८ मध्ये थांबवावी लागली.

शमी:
ज्या विकाराचा वर उल्लेख आला आहे, तो मला आहे आणि सिल्डेनाफिल मी रोज घेते. सुरुवातीच्या आठवड्यांत अंथरुणावरून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येत असे आणि दुपारच्या गोळीनंतर कानांच्या पाळ्या लाल होऊन तापत. दर भेटीत माझा रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोनदा मोजला जातो. एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, कारण याविषयी कोणी बोलत नाही: या औषधाने माझ्या कामेच्छेत काहीही फरक पडलेला नाही.

सायली:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शमीताईंचा अनुभव संशोधनाशी जुळतो. स्त्रियांवर या औषधाच्या मोठ्या चाचण्या झाल्या, परंतु ठोस लाभ न दिसल्याने मूळ कंपनीने २००४ मध्ये तो प्रयत्न सोडून दिला. जननेंद्रियांकडचा रक्तपुरवठा वाढला म्हणून स्त्रीला उत्तेजना जाणवतेच असे नाही.

तरीही बकुळताई, आपली अडचण थोडी वेगळी आहे आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. सर्ट्रालिनच्या वर्गातल्या नैराश्यावरच्या औषधांमुळे कामपूर्ती लांबणे किंवा थांबणे हा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. अशाच ९८ स्त्रियांवर झालेली आठ आठवड्यांची एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सिल्डेनाफिलने कामपूर्तीत सुधारणा दिसली, इच्छेत मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. म्हणजे एखादा तज्ज्ञ विचारपूर्वक हे औषध आपल्याला देऊही शकेल, पण स्त्रियांच्या लैंगिक तक्रारींसाठी त्याला अधिकृत मान्यता नाही आणि तो पहिला उपाय नव्हे. त्याआधी सर्ट्रालिनची मात्रा कमी करणे, किंवा बुप्रोपिऑनसारखे नैराश्यावरचे दुसरे औषध बदलून वा जोडून देणे, असे मार्ग मानसोपचारतज्ज्ञ पाहतात. सर्ट्रालिन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. कोरडेपणा असेल तर त्यावरचे उपाय वेगळे आहेत आणि तेही साधे आहेत.

बकुळ:
सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरली आहे: डॉक्टरांपुढे सुरुवात नेमकी कशी करावी?

सायली:
"गोळी सुरू झाल्यापासून मला कामपूर्ती होत नाही, हा त्या गोळीचा परिणाम आहे का?" एवढे एक वाक्य पुरेसे आहे. तोंडून निघत नसेल तर कागदावर लिहून द्या, आणि त्याच कागदावर चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे व मात्रा लिहा. पुढचे प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे.