टकटक वाजतं, पण ट्रॅक्टर सुरू होत नाही

"जंप स्टार्टर पॅक (उतरलेल्या बॅटरीला चिमट्यांनी जोडून इंजिन सुरू करायचा छोटा बॅटरी पॅक) फुल चार्ज आहे, तरी ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता टकटक करतो" असं एकाने विचारलंय. आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर केबल काढून गरम पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने घासा. पुष्कळ पॅक इथेच विनाकारण बदनाम होतात. मग पॅकचा लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला. पीटीओ (अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) सोडवून क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं थंडीने घट्ट झालेलं तेल सेल्फला घुसळावं लागत नाही. 5 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मग मिनिटभर थांबा.

बॅटरी पार उतरून 2 व्होल्टवर आली असेल तर बऱ्याच पॅकना ती ओळखूच येत नाही. तिथे पॅकवरचं बूस्ट बटण (बॅटरी ओळखली नाही तरी करंट सोडणारं) लागतं, पण मग बहुतेक मॉडेलांत उलट जोडणीचं संरक्षण बंद होतं. चिमटे आधीच दोनदा बघा.