ओर्व्हिएतो, इटली : सासूबाईंचे गुडघे, लेकाचा ट्रेक आणि मधले तीन-चार दिवस (मदत हवी आहे)

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण इटलीला जातोय. रोम आणि फ्लॉरेन्सचं सगळं ठरलंय, व्हिसाही हातात आलाय. मधले तीन-चार दिवस मात्र गर्दीपासून लांब, डोंगरमाथ्यावरच्या एखाद्या जुन्या गावात मुक्काम ठोकून काढायचेत. नकाशा बघता बघता बोट थांबलं ते ओर्व्हिएतोवर. रोम-फ्लॉरेन्स रेल्वेच्या वाटेवरच आहे, त्यामुळे बॅगा घेऊन फार उड्या माराव्या लागणार नाहीत.

आता खरी अडचण. सासूबाई ७३ वर्षांच्या, गुडघे बोलतात. चढ हळूहळू चढतात, उतार आला की चेहरा पडतो. सासरे ठणठणीत, पण पक्के शाकाहारी आणि रात्रीचं जेवण सातला म्हणजे सातला. लेक १९ वर्षांचा, दर पावसाळ्यात सह्याद्रीत कुठे ना कुठे लटकलेला असतो, चर्चचं नाव काढलं की जांभया देतो. मला आणि नवऱ्याला काहीही चालतं, आम्ही सगळ्यांच्या मधे उभे राहतो.

तर विचारायचं हे : गाव सासूबाईंना झेपेल का? ती प्रसिद्ध विहीर त्यांना दाखवावी की टाळावी? लेकाला एकट्याने सुरक्षितपणे चालता येतील अशा वाटा जवळपास आहेत का? चिव्हिता दी बान्योरेज्यो हे जवळचं कड्यावरचं जुनं गाव पाहायचंच आहे, त्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी का? नवरा म्हणतो घेऊ, मला त्या उलट्या बाजूच्या ड्रायव्हिंगची धास्ती वाटते.

एका टूरवाल्याने ओर्व्हिएतो, चिव्हिता आणि असिसी एका दिवसात 'कव्हर' करून देतो असं सांगितलं. त्याला हात जोडले. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच सांगा.

रोमवासी

ताई, जागा अगदी बरोबर निवडली आहे. रोमहून साध्या रीजनल गाडीने सव्वा ते दीड तास. स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे, पण त्याचा बाऊ करू नका. स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर सुटते, आपल्या सप्तशृंगगडावर आहे तशीच, आणि काही मिनिटांत वर पियात्सा काहेनला सोडते. १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची : वरच्या डब्यात पाणी भरायचं, तो खाली आला की खालचा आपोआप वर. मधे बरीच वर्षं बंद होती, १९९० पासून विजेवर चालते. वर उतरल्यावर छोटी बस थेट दुओमोच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, चौकात नेते. सासूबाईंना चढावंच लागणार नाही. वरचं गाव बऱ्यापैकी सपाट आहे. गल्ल्या दगडी आहेत, तेवढे बूट चांगले असू द्या.

रेल्वेचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्या. विसरलात तर तिकीट असूनही दंड बसतो, आणि तपासनीस 'आम्ही पर्यटक आहोत' हे रोज ऐकत असतो.

गाडीबद्दल माझं मत नवरोबांच्या विरुद्ध. गावात मुक्काम असेल तर गाडी नुसती पार्किंगमध्ये पडून राहते. शिवाय जुन्या भागात झेडटीएल असतो, म्हणजे परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी भारतात घरी येतं, वर भाड्याची कंपनी स्वतःचं शुल्क कापते ते वेगळंच. घ्यायचीच असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी बुक करा. तिकडे गिअरवाल्याच जास्त असतात.

खडूस_काकू

विहिरीबद्दल मी सांगते, कारण त्यावर सगळे 'मस्ट सी' एवढंच लिहून मोकळे होतात.

पोत्झो दी सान पात्रित्सिओ. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ओर्व्हिएतोला आला. वेढा पडला तर वर डोंगरावर पाणी कुठून आणायचं, या भीतीपोटी त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून ही खोदून घेतली. काम १५३७ ला पुरं झालं, तोवर हा पोप वारलाही होता. खोली ५३ मीटर. गंमत अशी की आत दोन वेगवेगळे गोल जिने एकमेकांभोवती फिरत खाली जातात. पाणी आणायला उतरणारी खेचरं एका जिन्याने जायची, भरून आलेली दुसऱ्याने चढायची, समोरासमोर कधीच यायची नाहीत. मधल्या भिंतीत खिडक्या आहेत, त्यातून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोचता मात्र येत नाही. तळाशी छोटा पूल आहे, तो ओलांडायचा की दुसऱ्या वाटेने वर.

आता हिशेब : २४८ पायऱ्या खाली, २४८ वर. पायऱ्या खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि बुटक्या आहेत, पण दगड ओला असतो. आणि एकदा उतरलं की अर्ध्यातून परतायचं म्हणजे वरून येणाऱ्यांच्या तोंडावर. तुमच्या सासूबाईंना उताराचाच त्रास आहे, तेव्हा स्पष्ट सांगते, नेऊ नका. विहिरीच्या अगदी शेजारी जुन्या किल्ल्याची बाग आहे. झाडाखाली बाकं आहेत, खाली पालिया नदीचं खोरं दिसतं. सासू-सासऱ्यांना तिथे बसवा, तुम्ही तिघं उतरून या. त्यांना उलट बरंच वाटेल.

सासऱ्यांच्या जेवणाचं : साडेसातच्या आधी बहुतेक रेस्तराँची स्वयंपाकघरं उघडतच नाहीत. सातचा हट्ट असेल तर मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि खिचडी लावा, भांडण मिटेल. बाहेर खायला उंब्रिकेल्ली नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता टोमॅटोच्या किंवा ट्रफलच्या सॉसमध्ये मिळतो, डाळी-कडधान्यांची सूप मिळतात. सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे मात्र दर वेळी विचारायचं. 'सेन्त्सा कार्ने' म्हणायचं. अस्सल पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं, हे सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पाव अळणी असतो, बिघडलेला नाही, तिकडची पद्धतच आहे. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर वाद घालू नका, ते माणशी बसण्याचे पैसे.

गडकोट_वेडा

लेकाला माझ्याकडे सोपवा :)

पहिल्याच दिवशी संध्याकाळी 'आनेल्लो देला रूपे' करायचा. ज्या कड्यावर गाव बसलंय त्याच्या पायथ्याने पूर्ण गोल फिरणारी पायवाट, पाचेक किलोमीटर. डोक्यावर उभा पिवळसर कडा, एका बाजूला द्राक्षमळे आणि ऑलिव्ह. त्याच वाटेवर क्रोचिफिस्सो देल तूफो नावाचं एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या इथल्या लोकांचं) दफनस्थान लागतं, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातलं. पोराला चर्चचा कंटाळा असला तरी हे आवडेल : दगडी खोल्यांची घरं ओळीने, मधे सरळ गल्ल्या, आणि प्रत्येक दाराच्या वरच्या दगडावर त्या कुटुंबाचं नाव उजवीकडून डावीकडे कोरलेलं. मेलेल्यांची आखीव वसाहत.

दमदार चालायचं असेल तर ओर्व्हिएतो ते बोल्सेना. व्हिया रोमेआ जेर्मानिका या जुन्या यात्रामार्गाचा हा टप्पा आहे, अठरा-वीस किलोमीटर, शेवटी समोर बोल्सेनाचं तळं. ज्वालामुखीच्या खोलगट भागात साठलेलं प्रचंड पाणी, सप्टेंबरअखेर पोहताही येतं. परतीची बस आदल्या दिवशीच बघून ठेवायची, वाट्टेल तेव्हा मिळत नाही.

एक महत्त्वाचं. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून तिकडे शिकारीचा हंगाम सुरू होतो. रानातल्या वाटांवर भडक रंगाचा टीशर्ट घालायला सांगा, आपला ट्रेकवाला मातकट हिरवा नको. मंगळवारी आणि शुक्रवारी कायद्याने शिकार बंद असते, तेव्हा लांबचा पल्ला त्याच दिवशी टाकला तर उत्तम.

दगडधोंडे

वर 'पिवळसर कडा' आला म्हणून राहवलं नाही. तो टफ आहे, बोल्सेनाच्या बाजूच्या ज्वालामुखींच्या राखेचा घट्ट झालेला थर, आणि त्याखाली मऊ चिकणमाती. टफ इतका सहज कोरता येतो की गावाखाली हजाराहून जास्त गुहा आहेत : तळघरं, तेलाचे घाणे, विहिरी, आणि भिंतीत चौकोनी कप्पे पाडून केलेली कबुतरखानी. कबुतरं खाण्यासाठी पाळायचे. गुहेला बाहेर खिडकी असायची, म्हणजे पक्षी स्वतःच चरून येई, मालकाला दाण्याचा खर्च नाही. ओर्व्हिएतो अंडरग्राउंडची मार्गदर्शकासोबतची फेरी तासाभराची असते, दुओमोच्या चौकातून निघते. तुमच्या मुलाला नक्की न्या. आजींना नको, एक बोळ फार अरुंद आहे.

खालची माती सरकते म्हणून कडे ढासळायचे. १९७८ मध्ये खास कायदा करून ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांचे डोंगर सावरण्याचं काम हाती घेतलं गेलं. चिव्हिताचीही तीच कथा, फक्त तिथे झीज फार पुढे गेली आहे. रस्ता राहिला नाही, आता १९६५ सालच्या पादचारी पुलावरूनच जावं लागतं.

जाता जाता : दुओमोच्या भिंतींवरचे काळे पट्टे बेसाल्टचे आहेत. सह्याद्रीवाल्या चिरंजीवांना तेवढा एक दगड ओळखीचा निघेल.

खडूस_काकू

आणि दुओमोत जांभया देणाऱ्याला सान ब्रित्सिओच्या कपेलात (आतल्या छोट्या प्रार्थनागृहात) उभं करा. लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ दरम्यान जगाच्या अंताची चित्रं रंगवली आहेत. कबरीतून अर्धवट बाहेर येणारे सांगाडे, माणसांच्या पाठीवर बसलेली हिरवी-जांभळी भुतं. एका कोपऱ्यात काळ्या कपड्यांत चित्रकार स्वतःच उभा आहे. दर्शनी भागाचा मोझेक मात्र दुपारनंतर बघा, तोंड पश्चिमेला असल्याने संध्याकाळचं ऊन त्यावर पडतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

तळ्यातमळ्यात

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! विहिरीचा निकाल लागला, सासूबाई बागेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला खड्ड्यात घालताय?" लेकाने शिकारीच्या वारांचं वाचून लगेच मंगळवार मागून घेतला.

आम्ही शनिवारी सकाळी पोचतो. चिव्हिता रविवारी करावं म्हणते, बसने जमेल ना? आणि तो पूल सासूबाईंना?

रोमवासी

रविवारी नका जाऊ. ओर्व्हिएतो-बान्योरेज्यो बस रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नसते, शिवाय रोमकरांची सगळी गर्दी त्याच दिवशी तिथे. सोमवार धरा. बसथांब्यापासून पुलापर्यंत वीसेक मिनिटं चालणं आहे, गावात शिरायला माणशी ५ युरो. पूल सुरुवातीला सौम्य, शेवटचा तुकडा चांगलाच उभा, आणि येताना तोच उतार. सासूबाईंना पुलाअलीकडे बान्योरेज्योच्या टोकाच्या बेल्व्हेदेरेवर बसवा, अख्खं गाव समोर दिसतं. फोटोत जे चिव्हिता दिसतं ते बहुतेक तिथूनच काढलेलं असतं.

शनिवारी सकाळी पोचताय तर पियात्सा देल पोपोलोत आठवडी बाजार असेल, गुरुवारी आणि शनिवारी भरतो. बॅगा टाकून आधी तिकडे जा. दुपारी आवरतात. खिचडीला लागणारी भाजी तिथेच मिळेल, तांदूळ आणि मूगडाळ मात्र घरून न्या.

तळ्यातमळ्यात

नवऱ्याला धागा वाचून दाखवला. गाडी रद्द. सोमवार चिव्हिता, मंगळवारी लेक बोल्सेनाकडे, आम्ही चौघं दुओमो. डाळ-तांदूळ यादीत चढले.